समाजमंदिरातले माईक

३ एप्रिल

समाजमंदिरासाठी माईक, स्पीकर आणि चित्र दाखवायचं यंत्र घ्यायला पंचायतीची मंजुरी मिळाली. ठरावावर सही माझ्या बायकोची, सोनालीची, कारण सरपंच ती आहे. काम माझं. खोपोलीच्या कारखान्यात मी खरेदी विभागात होतो. बोल्टपासून बॉयलरपर्यंत काहीही असो, तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय मी सही केली नाही. कारखान्यातून लवकर बाहेर पडल्यापासून असं नीट काम हातात आलं नव्हतं.

आतापर्यंत ग्रामसभेला मारुतीच्या देवळातला कर्णा आणत होतो. सप्त्याला तो ठीक आहे. समाजमंदिराच्या पत्र्याखाली मात्र बोललेलं सगळं घुमतं. जानेवारीच्या सभेत शेवटी मी माईक बाजूला ठेवला आणि तसाच बोललो.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा आम्ही सोनालीला उभं केलं. ती चार लोकांत बोलायला बुजते, म्हणून सभा मी चालवतो. ती मंचावर मधल्या खुर्चीत, मी शेजारी. गावात मलाच 'सरपंच' म्हणून हाक मारतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो.

१ मेच्या सभेआधी सगळं बसवून व्हायला हवं. त्या दिवशी पाण्याच्या टाकीची जागा ठरणार. जागा दोन आहेत. एक वर टेकाडावर, ठाकूरवाडीला लागून. दुसरी खाली रस्त्याकडेला, जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्या मालोजींच्या प्लॉटांजवळ. वर बांधली तर पाणी वाडीला मिळेल आणि उताराने गावालाही येईल, हे खरं. पण तिथे सामान चढवायचं म्हणजे वेळ जाणार. खाली रस्ता आहे आणि मालोजी जागा फुकट देतायत. वाडीचं दुसऱ्या टप्प्यात बघता येईल. सोनालीला विचारलं. म्हणाली, "सभेत ठरंल." म्हणजे तिला पटलेलं दिसतंय.

६ एप्रिल

सोनालीला घेऊन शिळफाट्याला पोपटशेठच्या दुकानात गेलो. हळदीच्या डीजेपासून कीर्तनाच्या पेटीपर्यंत सगळ्याला लागणारं सामान तो विकतो आणि भाड्यानेही देतो. मला बघून उठला. "या सरपंच! वहिनी, बसा. पंखा लावू का?"

मी गरज सांगितली. मंचावर उभं राहून बोलायचं, भाषण स्वच्छ ऐकू यायला हवं. त्याने वाकड्या दांड्याचा माईक दाखवला, टेबलाला घट्ट बसणारा, खाली बटण असलेला. बटण दाबलं की लाल दिवा लागतो. वस्तू देखणी आहे. त्यासोबत दोन मोठे स्पीकर, मंचाच्या दोन बाजूंना.

सोनाली म्हणाली, "सगळ्यात मागं बसलेल्या बाईला बोलायचं झालं तर तिनं काय करायचं?"

"उठून पुढं यायचं, वहिनी."

"आनि नाय आली तर?"

पोपटशेठने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, आमच्या सभेत मागून कोणी बोलत नाही. त्याचं समाधान झालं. तरी तिने काउंटरवरचा बिनतारी माईक उचलला, वजन बघितलं, तोंडासमोर धरला आणि ठेवून दिला. खेळण्यासारखा असतो तो. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला बायका एकमेकींच्या हातातून ओढून घेतात, तसला.



९ एप्रिल

सकाळी मालोजी आले. चहा झाला. त्यांच्या प्लॉटांना मुंबईची गिऱ्हाईकं येतात आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारतात. टाकी शेजारी दिसली की प्रश्न मिटतो, असं ते मोकळेपणाने म्हणाले. मला मोकळी माणसं आवडतात.

"मनोजभाऊ, सभेत तुमी एकदा बोललात की झालं. तुमच्यानंतर कोन बोलतो?"

मी शब्द दिला. त्यात गावाचाही फायदाच आहे. सोनाली चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मालोजी जाताना म्हणाले, "ताई, बरं हाय ना सगळं?" ती म्हणाली, "हाय की." एका भाकरीला मात्र चीर गेली. तिच्या भाकरीला सहसा जात नाही.

१३ एप्रिल

पोपटशेठने नमुना म्हणून संच पाठवला. समाजमंदिरात जोडून पाहिला. पहिल्यांदा माईकने अशी शिट्टी मारली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. स्पीकर माईकच्या मागे ठेवले की असं होतं म्हणे. पुढे सरकवले. मग मी मंचावरून 'हॅलो, हॅलो' केलं आणि खरेदी विभागाची जुनी सवय म्हणून पाण्याच्या टाकीवरचं अख्खं निवेदन वाचून दाखवलं. पहिल्या रांगेत मालोजी आणि पंचायतीचा ग्रामसेवक प्रवीण बसले होते. दोघांनाही स्वच्छ ऐकू आलं.

सोनाली मागच्या भिंतीपाशी उभी होती. मग दाराबाहेर गेली, ओट्यावर. सभेला वाडीतली माणसं तिथेच बसतात. टेकाड उतरून येईपर्यंत आत जागा उरत नाही, आणि उरली तरी ती ओट्यावरच बसतात. तशी पद्धतच आहे.

"ऐकू येतंय का?" मी माईकवरून विचारलं.

ती आत येऊन म्हणाली, "घुमतंय. तुमी काय म्हनता ते कळत नाय, कायतरी म्हनताय एवढं कळतं."

प्रवीणला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

१४ एप्रिल

आज आवाज का घुमतो त्यावर फोनवर व्हिडिओ पाहिले. घुमण्यावर उपाय मोठा स्पीकर नाही. छोटे छोटे स्पीकर जागोजागी लावायचे आणि प्रत्येकाचा आवाज कमी ठेवायचा. हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?

१८ एप्रिल

प्रोजेक्टर आणि पडदा पाहिला. मालोजींनी जागेचा रंगीत नकाशा करून घेतलाय. तो भिंतीवर मोठा दिसला की निम्मं काम होईल. पण सभा सकाळची. उजेडात चित्र धुतल्यासारखं फिकट दिसत होतं. पोपटशेठचा माणूस म्हणाला, "खिडक्या-दारं लावा, मग बघा." लावली. झकास दिसलं. टाकी, रस्ता, प्लॉट, झाडंसुद्धा.

सोनालीने जाऊन दार उघडलं. "सभा चालू असताना दार लावायचं नाय."

"अगं, नकाशा दाखवण्यापुरतं."

"ओट्यावरच्यांनी तवर काय करायचं? कडी बघायची?"

शेवटी मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं. उजेडात दिसतो. प्रोजेक्टरपेक्षा चित्र लहान, पण असो. खरेदीत कधी कधी वापरणाऱ्याचं ऐकावं लागतं. कारखान्यातही फोरमन असेच हटून बसायचे.

२२ एप्रिल

एक अडचण आली आहे. सोनाली खालापूरला सरपंचांच्या प्रशिक्षणाला दोन दिवस जाऊन आली. तिच्यासोबत प्रवीण होता. आज तो घरी आला आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "साहेब, एक सांगायचं राहिलं. ह्या वेळी सभेला तुमी मंचावर नाय बसायचं. खाली, लोकांत."

"कोणी सांगितलं?"

"वरून."

"वरून म्हणजे कोण?"

प्रवीणने सोनालीकडे बघितलं. ती लसूण सोलत होती. "वरून म्हंजे... नियमच हाय, साहेब. पहिल्यापासूनचा. आता जरा कडक केलाय."

मी म्हटलं, हिला सभा चालवायची सवय नाही, गोंधळ झाला तर जबाबदार कोण? प्रवीण म्हणाला, "मी हाय की शेजारी." सोनालीला विचारलं, "तुला जमेल का गं?" ती म्हणाली, "नियम हाय तर काय करनार?"

तिची काळजी वाटते. दिवसभर डोक्यात तेच होतं. दुपारी झोप लागली नाही.

२४ एप्रिल

ऑर्डर गेली. सही तिची लागते म्हणून कागद तिच्याकडे ठेवला होता. आज पाहिलं तर यादी बदललेली. दांड्याचा माईक राहिला आहे. खाली दोन बिनतारी माईक वाढवलेत. मंचाकडचे मोठे स्पीकर काढून सहा छोटे घातलेत. चार भिंतींवर, दोन बाहेर ओट्याच्या खांबांवर.

मी म्हटलं, "हे कोणाला विचारून?"

"तुमीच सांगितलंत ना, छोटे छोटे जागोजागी लावायचे म्हनून."

ते मी सांगितलं होतं खरं.

"आणि दोन माईक?"

"एक विचारनाऱ्याला, एक उत्तर देनाऱ्याला. एकाच्याच हातात ऱ्हायला तर तो सोडत नाय." मग जरा थांबून म्हणाली, "लग्नात बघता ना तुमी."

मी वाद घातला नाही. मुद्दा तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता.

२७ एप्रिल

आज सगळं बसवून झालं. तारा पट्टीखालून नेल्यात, काम साफ आहे. मी जेवायला घरी आलो आणि चष्मा विसरला म्हणून परत गेलो, तर सोनाली एकटी मंचावर. हातात माईक. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. विषयपत्रिका वाचत होती. बॅटरी किती टिकते ते बघत असावी.

अगदीच एकटी नव्हती. ओट्यावर वाडीतली भागी बसली होती, करवंदांची पाटी शेजारी ठेवून. बाजाराला निघालेली असणार.

"आता कळतंय काय गं?" सोनालीने विचारलं.

"कळतंय. पर तू घाई करतीस, बाय. तुजं वाक्य संपायच्या आदी तूच पळतीस."

सोनाली हसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. खरंच हळू. मी चष्मा न घेताच परत आलो. मध्येच गेलो असतो तर बॅटरीची चाचणी अर्धवट राहिली असती.

३० एप्रिल

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा घ्यावी लागते. एरवी सह्या घरोघर जाऊन घेतात. आज मात्र बायका खरोखर जमल्या. मी रस्त्याच्या पलीकडे पारावर होतो. ओट्यावरच्या स्पीकरमधून ऐकू येत होतं. आधी खूप हसणं, मग म्हाताऱ्या इंदूबाईंचा आवाज, "मेलं हे चालू हाय का बंद? हां, चालू हाय. तर मी काय म्हनते..." मग कोणीतरी ओट्यावरचे स्पीकर बंद केले.

संध्याकाळी सोनालीला विचारलं काय ठरलं. म्हणाली, "उद्या वाचून दाखवायचंच हाय."

मी माझे मुद्दे कागदावर काढलेत. खालची जागा, वेळेची बचत, रस्ता, वाडीसाठी दुसरा टप्पा. सोनाली अडली की उठून सांगेन. खाली बसलो म्हणून काय झालं.

१ मे

झेंडावंदन करून सभा सुरू झाली. मी मध्यावर बसलो, एका बाजूला मालोजी, दुसऱ्या बाजूला इंदूबाई. बायका इतक्या पहिल्यांदाच पाहिल्या. दार उघडं, ओटा भरलेला. वाडीतली माणसं खाली पायऱ्यांपर्यंत.

सोनालीने दांड्याच्या माईकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"नमस्कार. ज्याला बोलायचं हाय त्यानं हात वर करायचा. माईक तुमच्यापाशी येईल. ज्याच्या हातात माईक तो बोलंल, बाकीचे ऐकतील. सुरवात मागून."

वाक्य पूर्ण करून ती थांबली. मग पुढचं बोलली. घाई नाही.

आधी महिला सभेचा ठराव वाचला. टाकी टेकाडावर व्हावी. मला हे माहीत नव्हतं. मालोजी ताडकन उठले.

"सोनालीताई, हे असं नसतं. पहिलं आमचं—"

"मालोजीकाका, माईक येईपर्यंत बसा."

ते उभे राहूनच बोलू लागले. मागून इंदूबाईंच्या सुनेने ओरडून सांगितलं, "काय म्हनतात ते ऐकू येत नाय!" हे धादांत खोटं. मालोजींचा आवाज शेजारच्या गावात जातो. पण सगळ्या बायका म्हणायला लागल्या, "ऐकू येत नाय, ऐकू येत नाय." मालोजी बसले.

पहिला माईक प्रवीणने ओट्यावर नेला आणि भागीच्या हातात दिला. तिने तो लांब धरला. आतून कोणीतरी म्हणालं, "तोंडाजवळ धर गं!" तिने धरला, आणि तिचा श्वास सहाही स्पीकरमधून ऐकू आला. तिने दचकून वर बघितलं. लोक हसले. तीही हसली.

"मी भागी. वाडीवरची. आमी रोज हांडा डोक्यावर घेऊन टेकाड चढतो. तुमी टाकी खाली बांधतो म्हनता. मंग खालचं पानी वर कोन नेनार? आमीच ना? मंग टाकी कशाला पायजे, हांडा हाये की."

दुसरा माईक मालोजींना मिळाला. ते तयारीने आले होते. फुकट जागा, रस्ता, टीव्हीवर नकाशा. चित्र स्वच्छ दिसत होतं. शेवटी म्हणाले, "वाडीला कोन विसरलंय? दुसऱ्या टप्प्यात करू की."

भागीच्या हातात माईक अजून होता. "दुसरा टप्पा म्हंजी कवा?"

"होईल गं. लवकरच."

"माजी सून येईल तवा, का सुनंची सून येईल तवा?"

आख्खं समाजमंदिर हसलं. मालोजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. मी हात वर केला. कागद खिशात होता.

सोनालीने मंचावरून पाहिलं. बोलणाऱ्याचं पूर्ण नाव इतिवृत्तात लिहितात, म्हणून ती प्रत्येकाचं नाव पुकारत होती. माझ्यावर नजर आली तेव्हा ती थांबली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात, बारशात कोणी अडवलंच तर उखाण्यात घालून घेते, तेही लाजत. सोनालीने घरात कधी घेतलेलं नाही. मी लांब असलो की भांडं वाजवते, नाहीतर 'अहो'. सगळ्यांच्या हे लक्षात आलं असावं, कारण बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. प्रवीणने नाव घेण्यासाठी तोंड उघडलं. तिने हाताने त्याला थांबवलं.

"श्री. मनोज बाळाराम ठोंबरे," ती म्हणाली. "तुमचं म्हननं मांडा."

भिंतीवरच्या चारही स्पीकरमधून ते आलं, आणि बाहेरच्या दोनमधूनही. घुमलं नाही. अक्षर न् अक्षर वेगळं ऐकू आलं. इंदूबाई "अगं बाई!" म्हणाल्या. मागे कोणीतरी हसलं, पण ते चिडवणं नव्हतं.

माईक माझ्या हातात होता. वजनाला हलका आहे, पोपटशेठच्या दुकानात दिसला होता त्यापेक्षाही. मी उभा राहिलो. सोनाली माझ्याकडे बघत होती. जशी आधी भागीकडे बघत होती तशीच, माझं ऐकायला थांबलेली. खिशातला कागद काढायचा राहिला. मुद्दे पाठ होते, पण पहिला कुठला ते आठवेना.

"माझं काही म्हणणं नाही," मी म्हणालो आणि माईक इंदूबाईंना दिला.

इंदूबाई वाटच बघत होत्या. "माजं हाय!" म्हणाल्या आणि पुष्कळ वेळ बोलल्या.

मग हात वर करून मत झालं. मागे वळून पाहिलं तर आतले हात होतेच, ओट्यावरचेही होते, पायऱ्यांवरचेही. टाकी टेकाडावर होणार. सोनालीने ठराव हळू वाचला, पुढच्या विषयाकडे गेली, आणि सभा जेवणाच्या वेळेआधी संपली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

यंत्रसामग्रीबद्दल एकच नोंद. कुठेही शिट्टी वाजली नाही.

२ मे

मालोजी सकाळी रस्त्यात भेटले. "काय मनोजभाऊ, तुमचा माईक बंद पडला हुता काय?"

मी म्हटलं, माईक हातात आला की माणूस गडबडतो, सवय नसते.

"तुमाला सवय नाय?" ते म्हणाले. "आनि हात वर केला हुता का नव्हता मत घेताना? मला दिसला नाय नीट."

मलाही आठवेना. इंदूबाईंच्या हातातला माईक सांभाळण्यात माझं लक्ष होतं. मालोजी पुढे गेले. चहाला या म्हटलं होतं, आले नाहीत.

दुपारी पोपटशेठचा फोन आला. "सरपंच, सामान कसं चाललं?" मी सांगितलं, सरपंच समाजमंदिरात आहेत, त्यांना विचारा. नंबर दिला.

संध्याकाळी सोनाली आल्यावर विषय काढला. "काल नाव घेतलंस माझं."

"सगळ्यांचं घेतलं. लिहावं लागतं."

"बाळारामसुद्धा?"

"गावात दुसरा मनोज ठोंबरे हाय," ती म्हणाली. "घोटाळा नको." आणि आत गेली.

मी अंगणात बसलो. थोड्या वेळाने आतून हाक आली, "अहो, चहा झालाय." मी ऐकलं, पण उठलो नाही. पुन्हा आली, "अहो!" मी तरी गप्प. आणखी एकदा हाक मारावी लागली तर ती काय म्हणेल, ते बघायचं होतं. तिने कप बाहेर आणून माझ्याशेजारी ठेवला आणि विचारलं, "कान दुखतो काय?"

पुढची ग्रामसभा पंधरा ऑगस्टला आहे. हात वर करावा म्हणतो. मुद्दा मात्र शोधायला हवा.